भट्टीतले पाव

नाईकवाडे सर, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी तुमचं नाव घेतो. आईसमोरसुद्धा घेतो. ती रागावत नाही. म्हणते, "खरंच हाय. जन्म म्या दिला, पर फारम सरांनी भरला."

तुम्ही गेल्याचा काकूंचा फोन आला तेव्हा मी इथं सिंगापूरला, टॅम्पिनीसच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभा होतो. "दत्तू, सर गेले रे," त्या म्हणाल्या. "चहा घेतला, पेपर मागितला, आणि मी पेपर आणेपर्यंत गेलेच." अशा वेळी माणूस विचारतो की त्रास झाला का, घरी कोण आहे. मी विचारलं, "काकू, माझं पत्र पोचलं होतं का?"

"कसलं पत्र?" काकू म्हणाल्या.

सर, त्यानंतरचे बारा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कारण फोनवर मी तुमच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य होतं, "तुम्ही आम्हाला फसवलंत." त्यानंतर जे बोललो ते फक्त त्या पत्रात. पत्र पोचलं नसेल, तर तुम्ही माझं तेवढंच वाक्य घेऊन गेलात.

आज मी निवांत बसून लिहितोय, त्यावरून पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. पण गोष्ट सांगताना शेवट आधी पळवू नये, हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही स्वतः मात्र अख्खा शेवट पळवलात. भांडण त्याच्यावरूनच तर झालं.

अकरावीतला तो शनिवार मला अजून दिसतो. काळे पडदे फक्त प्रयोगशाळेला होते, म्हणून इंग्रजीचा तास तिथं. तुमच्या घरचा टीव्ही आणि व्हीसीडी प्लेअर दादांनी हातगाड्यावरून आणला होता. माझे वडील अडत बाजारात हमाल होते, आणि टीव्ही न आपटता आणणारा गावात तो एकच माणूस, असं तुमचं म्हणणं. गाडा बाहेर लावून ते दाराशी उभे राहिले. तुम्ही म्हणालात, "थांबा की. बघा सिनेमा." तेव्हा ते आत येऊन भिंतीला टेकून उकिडवे बसले. मी मागं वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं.

सिनेमा इटलीवाल्यांनी काढलेला, काऊबॉयचा. नट आपल्या भाषेत बोलत होते आणि वरून इंग्रजी आवाज बसवला होता. ओठ मिटले तरी वाक्य चालूच. पोरं हसायला लागली. तुम्ही डस्टर टेबलावर आपटलंत. "ओठ बघू नका. कान द्या."

एके काळचा नावाजलेला पिस्तूलबाज, आता एका वैराण गावात पाव भाजून विकतो. पिस्तूल पिठाच्या पोत्यात पुरून ठेवलेलं. जमीनदाराची माणसं गावाची विहीर बळकावतात. गावकरी तीनदा त्याच्याकडं येतात, म्हणतात, तू एकटाच त्यांना पुरा पडशील. आणि तो तिन्ही वेळा एकच उत्तर देतो, भट्टीत पाव आहेत. बस्स. पाठ फिरवतो आणि फावडं घेऊन भट्टीशी वाकतो.

तुम्ही सिनेमा थांबवून विचारलंत, "हे मराठीत कसं म्हणाल?" कुणी म्हणालं, ओव्हनमध्ये ब्रेड आहे. कुणी म्हणालं, मी बिझी आहे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझी भाकरी तव्यावर आहे." तुम्ही हातातला रिमोट खाली ठेवलात.

"नाव काय रे तुझं?"

"दत्ता."

"कुणाचा?"

सगळ्या वर्गानं मागं भिंतीकडं बोट केलं.

त्यानंतर वर्षभर आमच्या वर्गात कुणालाही काम सांगितलं की उत्तर ठरलेलं, "तव्यावर भाकरी हाय." तुम्हीही एकदा प्राचार्यांना तसंच म्हणालात, असं शिपाई सांगायचा.

सिनेमाच्या शेवटी तो माणूस खेचरावर बसून गाव सोडतो. पिस्तूल घेत नाही. एका म्हातारीला पाव देतो आणि कबरस्तानाच्या बाजूनं टेकडी चढायला लागतो. मागं त्याच्या भट्टीच्या धुराड्यातून धूर येत असतो. तिथं तुम्ही बटण दाबलंत. "संपला."

पोरं ओरडली. एवढा मोठा पिस्तूलबाज आणि एक गोळी नाही! त्या गोंधळात मागून दादांचा आवाज आला, "आन् सर, पावाचं काय?"

वर्ग खो खो हसला. माझी मान खाली गेली. तुम्ही हसला नाहीत. खडू घेतलात आणि फळ्यावर इंग्रजीत तोच प्रश्न लिहिलात, भट्टीतल्या पावांचं काय झालं? "सोमवारी निबंध. प्रश्न यांनी काढलाय." निवृत्त होईपर्यंत दर अकरावीला तुम्ही हाच निबंध दिलात. माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी काढलेल्या प्रश्नाचं उत्तर दरवर्षी चाळीस-पन्नास पोरं लिहीत होती.

मी लिहिलं होतं की पाव करपले. भट्टीपाशी कुणी नसेल तर दुसरं काय होणार? तुम्ही दहापैकी सात दिलेत आणि तांबड्या शाईनं शेरा मारलात, "गावात दुसरं कुणीच नव्हतं का?" मला वाटलं, तीन मार्क कापायला काहीतरी कारण पाहिजे म्हणून लिहिलंय.

पुढचं सगळं तुम्हाला पाठ आहे, तरी सांगू द्या. इंजिनिअरिंगचा फॉर्म तुमच्या ओट्यावर भरला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यापाशी मी अडखळलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "हमाल लिही. ठळक लिही." प्रवेशासाठी तुम्ही माझ्याबरोबर एसटीनं पुण्याला आलात. मी आत गेलो आणि तुम्ही दिवसभर बाहेर कट्ट्यावर बसलात, काकूंनी दिलेल्या दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन. मी बाहेर आलो तेव्हा डबा तसाच भरलेला. "दोघांचा आहे," म्हणालात.

होस्टेलवरून मी लिहिलेली प्रत्येक पत्र तुम्ही तांबड्या शाईत तपासून परत पाठवायचात. मराठी असो की इंग्रजी. लग्न ठरल्याचं पत्रसुद्धा तपासून आलं होतं. वैशालीनं ते बघून विचारलं, "हे आशीर्वाद आहेत की निकाल?" फोन आले, मोबाइल आले, तरी महत्त्वाचं काही असेल तर कागदावर लिही, हा तुमचा हट्ट. आणि पत्र वाचनालयाच्या पत्त्यावर. घरी आलेलं पत्र काकू आधी फोडतात, ही तुमची तक्रार. काकूंना पत्राबद्दल काही ठाऊक नव्हतं ते त्यामुळंच. मला हे फोनवर सुचायला हवं होतं, पण त्या दिवशी डोकं चालत नव्हतं.

तुम्ही सिंगापूरला आलात त्या दहा दिवसांच्या आठवणी आमच्या घरात अजून निघतात. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चार भाषांत सूचना व्हायच्या आणि तुम्ही डोळे मिटून चारही ऐकायचात. आमची इरा तेव्हा सहा वर्षांची होती. तिनं विचारलं, "आजोबा, झोपले का?" तुम्ही म्हणालात, "कान देतोय." हॉकर सेंटरवर, इथल्या खाऊच्या गाळ्यांत, तुम्ही पाव भाजणाऱ्या एका चिनी आजोबांसमोर इतका वेळ उभे राहिलात की त्यांनी न मागता टोस्टची बशी पुढं केली. तुम्ही त्यांच्याशी मराठीत बोललात. ते त्यांच्या भाषेत बोलले. येताना तुम्ही मला म्हणालात, "चांगला माणूस आहे. गुडघे दुखतात त्याचे." हे तुम्हाला कसं कळलं ते मी आजवर विचारलं नाही.

आता त्या भांडणाकडं येतो.

यंदा होळीच्या सुमारास ऑफिसात माझ्या वरिष्ठ बाईंनी मला बोलावलं. माझ्या टीममधले तिघं कमी करायचे होते, नावं मी द्यायची होती. इथं नोकरी गेली की राहायचा पासही जातो, आणि महिनाभरात दुसरी नोकरी मिळाली नाही तर सामान बांधायचं. तिघांत सुदीपचं नाव येणार हे दिसत होतं. नागपूरचा पोरगा, पुंगोलला भाड्यानं राहतो, मुलगी नुकतीच शाळेत जायला लागलेली. मी दोन दिवस विचार केला आणि बाईंना सांगितलं की मी यादी करणार नाही. टीमचं प्रमुखपदही नको. मला साधं काम द्या.

घरी येऊन वैशालीला म्हणालो, "पिस्तूल पिठात ठेवलं." मला फार बरं वाटत होतं, सर. तुमच्या सिनेमातल्या माणसासारखा मी खेचरावर बसून निघालो होतो. तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही नुसतं "हं" म्हणालात.

यादी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेली.

मग एका रविवारी दुपारी इराला तुमचा सिनेमा दाखवावा म्हणून मी तो इंटरनेटवर शोधून काढला. ती आता अकरा वर्षांची आहे. खेचर टेकडी चढलं, धूर दिसला, मी सवयीनं म्हणालो, "संपला." इरा इथल्या पोरांच्या 'ला' लावलेल्या इंग्रजीत म्हणाली, "नॉट ओव्हर ला, बाबा. अजून वीस मिनिटं आहेत."

वीस मिनिटं! टेकडीवरून त्या माणसाला गोळ्यांचा आवाज येतो. तो वळतो. गावात येऊन मागच्या कोठीतल्या पिठाच्या पोत्यात हात घालतो. आणि मग एकामागून एक माणूस पडत राहतो. मी बघत होतो आणि माझे कान तापत होते. शेवटी जमीनदार पडला तसा मी उठलो आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन तुम्हाला फोन लावला.

"सर, तो परत येतो."

"कोण रे?"

"तुमचा पाववाला. तो परत येतो. सगळ्यांना मारतो. तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की."

"मग आम्हाला का नाही दाखवलंत?"

"पहिल्या वर्षी दाखवला होता. तुमच्या आधीच्या बॅचला. निबंध लिहायला सांगितला, तर सगळ्यांनी शेवटची मारामारी लिहिली. सव्वा तास तो माणूस नाही म्हणतोय, त्याबद्दल एका पोरानं एक ओळ लिहिली नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी कापला."

"पण मी तेवढ्यावर चाललो, सर! निघून जाणं म्हणजेच बरोबर, असं धरून चाललो. इथं माझ्या माणसांची यादी होत होती आणि मी हात झटकून बाजूला झालो."

"मग परत जा की. तुला धरलंय का कुणी?"

"आता काय उपयोग? तुम्ही आम्हाला फसवलंत."

आणि मी फोन ठेवला. तुम्ही काहीतरी बोलत होतात. "अरे, माझ्या सीडीत तर पुढं नुसते चौकोन" एवढं मला ऐकू आलं होतं. मी कान दिला नाही.

त्यानंतर दहा दिवस मी रुसून बसलो. चाळिशीतला माणूस, पण रुसलो. मग एकदा जेवताना इरा वैशालीला त्या सिनेमाची गोष्ट सांगत होती आणि शेवट सांगायला लागली. मी म्हणालो, "शेवटी सगळे मरतात." ती म्हणाली, "बाबा, यू डिडन्ट वॉच द लास्ट पार्ट ला! तुम्ही आजोबांशी भांडायला बाहेर गेलात." आणि तिनं तो शेवट सांगितला. मी ताटावरून उठलो आणि हात धुवून ती शेवटची तीन मिनिटं लावली. ती बघितल्यावर मला तुमच्या सीडीतले चौकोन आठवले. सीडीच्या टोकाला चित्र फुटून नुसते चौकोन व्हायचे, ती तीन मिनिटं तुम्हाला कधीच दिसली नव्हती. तुम्हालाही तो शेवट माहीत नव्हता! इतकी वर्षं तुम्ही पोरांना जो प्रश्न घालत होतात त्याचं उत्तर तुमच्याजवळ नव्हतंच. तुम्ही खरोखर विचारत होतात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात काय झालं ते पत्रात आहे. पत्र मी लगेच लिहायला हवं होतं, पण आधी काम उरकू मग लिहू, असं करत तीन आठवडे गेले. मग काकूंनी आईला सांगितलं की सरांच्या हृदयाचं दुखणं वाढलंय, फोनवर बोलू देत नाहीत. वैशाली म्हणाली, "आता कुणाची वाट बघतोस?" त्याच दुपारी पत्र लिहून पोस्टात टाकलं.

आणि सोळाव्या दिवशी तुम्ही गेलात.

बारा दिवस मी पोस्टाचा हिशोब मांडत बसलो. इथून विमानानं किती, पुण्याहून गावात किती, वाचनालयाला सुट्टी कधी. शनिवारी काकूंचा फोन आला.

"दत्तू, तुझं पत्र सापडलं बाबा."

"न फोडलेलं?"

"फोडलेलं. त्यांच्या त्या जाडजूड डिक्शनरीत होतं. वाचनालयाला परत द्यावी म्हणून उचलली, तर हे पडलं. वाचनालयाच्या पोरानं घरी आणून दिलं असणार, मला पत्ता लागू दिला नाही. सगळं तांबडं करून ठेवलंय बघ. डॉक्टरांनी लिहायचं बंद केलं होतं, तर पेन कुठं लपवला होता कोण जाणे."

"काकू, शेवटच्या पानावर काय आहे?"

"थांब, चष्मा लावते. शेवटच्या पानावर काही लाल नाही. फक्त अगदी शेवटच्या ओळीला बरोबरची खूण केलीय. मोठी. आणि खाली दहापैकी दहा."

सर, मी टॅम्पिनीसच्या बसस्टॉपवर बसून रडलो. शेजारच्या चिनी बाईंनी टिश्यूचं पाकीट दिलं. पण ते रडणं वेगळं होतं. पोतं उतरवल्यावर दादा भिंतीला टेकून डोळे मिटायचे, तसं काहीसं वाटत होतं. तुम्ही गेल्याचं दुःख आहेच, ते राहील. काकूंच्या ओट्यावर तुम्ही नसाल, याची कल्पना करवत नाही. पण तुम्ही ते वाक्य घेऊन गेला नाहीत. तुम्ही शेवट ऐकून गेलात.

एक वाद मात्र राहिला. तुम्ही शेवट कापायला नको होता, असं मला अजूनही वाटतं. पोरांना पूर्ण दाखवायचा आणि मग प्रश्न विचारायचा. तुम्ही म्हणाला असतात, "मग पावाचा प्रश्न कुणाला सुचला असता रे?" यावरचं उत्तर सुचलं की लिहीन, पण आता तपासणार कोण?

काकूंनी शेजारच्या मुलीकडून पत्राचे फोटो पाठवले. तुम्ही केलेल्या सगळ्या दुरुस्त्या मान्य करून पत्र इथं उतरवतो.

"ती. नाईकवाडे सरांस, सा. न.

तब्येतीचं कळलं. औषधं वेळेवर घ्या, काकूंचं ऐका. हे मी तुम्हाला सांगतोय याची गंमत वाटते, पण ऐका.

त्या दिवशी फोनवर जे बोललो त्याची क्षमा मागतो. तुम्ही फसवलं नाहीत. मीच अर्धवट बघून उठलो. तुमच्या पहिल्या बॅचसारखी मलाही फक्त मारामारी दिसली.

मी ऑफिसात परत गेलो. बाईंना म्हणालो, प्रमुखपद मला परत द्या, पण त्याआधी सुदीपबद्दल दहा मिनिटं ऐका. मला वाटत होतं की आता मोठी लढाई होईल. बाईंनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. यादी होती. सुदीपच्या नावापाशी त्यांनी स्वतः प्रश्नचिन्ह करून ठेवलं होतं आणि तो कागद पंधरा दिवस पुढं पाठवलाच नव्हता. म्हणाल्या, 'याच्याबद्दल कुणीतरी येऊन बोलेल म्हणून थांबले होते. तू आलास ते बरं झालं.' सुदीपला दुसऱ्या विभागात घेतलं. बाकीच्या दोघांसाठीही मी बोललो, पण ते वाचले नाहीत. त्यांतल्या एकाला इथंच दुसरी नोकरी मिळाली, दुसऱ्यासाठी मी रोज कुणाला तरी विचारतो आहे.

माझ्या निबंधावर तुम्ही विचारलं होतंत, गावात दुसरं कुणीच नव्हतं का? होतं, सर. मी बघितलं नव्हतं.

आता तुमच्या सीडीत नसलेला भाग सांगतो. मारामारी संपते. तो माणूस आपल्या घराकडं चालत येतो. दारात थांबतो, कारण भट्टीसमोर ती म्हातारी बसलेली असते, जिला त्यानं जाताना पाव दिला होता. तिच्या मांडीवर त्याचं लांब फावडं. गावात गोळ्या सुटत होत्या तेवढा सगळा वेळ ती तिथं बसून होती. ती फळीवरचं फडकं बाजूला करते आणि सरकून त्याला बसायला जागा देते. इथं सिनेमा खरोखर संपतो.

दादा असते तर आधी त्यांना फोन केला असता. प्रश्न त्यांचा होता. ते नाहीत, म्हणून तुम्हाला लिहितो.

पाव करपले नव्हते, सर."